पावसाळी पादत्राण बदलूनही पाय घसरतोच : कारणे आणि उपाय

जून उजाडला की ठाण्यातील आणि नवी मुंबईतील दुकानांबाहेर पावसाळी चपला-बुटांचे ढीग लागतात, आणि गणपती येईपर्यंत तीच जुनी तक्रार पुन्हा ऐकू येते. पादत्राण नवे आहे, तळाला खोल नक्षी आहे, खोक्यावर ‘अँटी-स्किड’ असे ठळक छापले आहे, तरीही इमारतीच्या लिफ्टसमोर किंवा स्थानकाच्या पुलावर पाय सटकतो. अशा वेळी बहुतेक जण आणखी महाग आणि आणखी खडबडीत तळाचा बूट घेतात आणि पुष्कळदा त्याने तक्रार कमी होण्याऐवजी वाढते. पायाखालची पकड तळ, जमीन आणि त्या दोहोंच्या मध्ये आलेला थर या तिघांवर मिळून ठरते. म्हणूनच येऊरच्या जंगलातल्या पायवाटेवर निर्धास्तपणे चालवणारा बूट घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या संकुलाच्या चकचकीत प्रवेशदालनात दगा देतो, आणि त्या दालनात नीट टिकणारी सपाट तळाची सँडल येऊरच्या चिखलात पहिल्याच चढावर निकामी ठरते.

घसरण नेमकी कुठे आणि कशी होते

नवीन खरेदीपूर्वी काही दिवस एवढेच पाहावे की पाय कोणत्या जागी आणि पावलाच्या कोणत्या टप्प्यावर सुटतो. सपाट जागेवर चालताना टाच टेकते त्या क्षणी पाय पुढे सरकत असेल, तर दोष टाचेखालच्या भागात आहे. ही घसरण सर्वांत धोक्याची, कारण त्यात माणूस मागे पडतो आणि मार कंबरेला, मनगटाला किंवा डोक्याला बसतो. चढावर पाऊल रेटताना पाय मागे सरकत असेल, तर चवड्याखालची नक्षी अपुरी किंवा झिजलेली आहे. जिना उतरताना मात्र बहुतेकांचा चवडा आधी टेकतो आणि तोही पायरीच्या कडेवर. त्यामुळे स्थानकाच्या पुलावरून रोज उतरणाऱ्याने टाच धडधाकट आहे एवढ्यावर समाधान मानू नये. चवड्याखालचा तळ उलटून पाहिल्यास तो पार गुळगुळीत झालेला अनेकदा आढळतो.

चौथा प्रकार सहसा लक्षातच येत नाही. तळ जमिनीला घट्ट धरून असतो आणि पाऊल पादत्राणाच्या आतच घसरते. पट्ट्यांच्या चपला आणि फोमचे हलके क्लॉग यांत पाणी शिरले की आतला गुळगुळीत भाग ओला होतो आणि जिना उतरताना अंगठा पुढे निसटतो. तळाची नक्षी कितीही उत्तम असली तरी या दोषावर तिचा उपयोग नाही. तेथे टाचेमागून घट्ट बसणारा पट्टा, पावलाच्या मापाशी जुळणारा बांधा आणि आतून खरखरीत असलेली बैठक हवी.

गुळगुळीत ओली लादी

आपल्या शहरी भागातील बहुतेक घसरणी येथे होतात, म्हणून या जागेचा विचार थोडा विस्ताराने करावा लागेल. व्हिट्रिफाइड टाइल, पॉलिश केलेले ग्रॅनाइट, वर्षानुवर्षांच्या वर्दळीने झिजलेली कोटा लादी, फलाटांवरील दृष्टिहीनांसाठीच्या पिवळ्या उठावदार पट्ट्या, रस्त्यावरील चेंबरची लोखंडी झाकणे आणि झेब्रा क्रॉसिंगचा जाड रंग या सगळ्या जागा कोरड्या असताना निरुपद्रवी असतात. त्यांच्यावर पाण्याचा पातळ थर आला की परिस्थिती पालटते. टाच टेकण्याचा क्षण अत्यंत लहान असतो. तेवढ्यात तिच्याखालचे पाणी बाजूला सरले तर रबराची लादीशी गाठ पडते, आणि ते सरले नाही तर टाच पाण्याच्या थरावरच राहते.

पाणी सरण्यासाठी तळाला तीन गोष्टी लागतात. नक्षीच्या खोबणी तळाच्या कडेपर्यंत उघड्या असाव्यात, म्हणजे पाण्याला बाहेर पडण्याची वाट मिळते. चारही बाजूंनी बंद असलेले गोल किंवा षटकोनी खळगे दिसायला आकर्षक असले तरी त्यांत पाणी कोंडून राहते. नक्षीचे ठोकळे लहान, सपाट माथ्याचे आणि धारदार कडांचे असावेत, कारण पुसण्याचे काम कडा करतात आणि धरण्याचे काम सपाट माथा करतो. तिसरी गोष्ट म्हणजे रबर मऊ असावे. मऊ रबर लादीच्या सूक्ष्म उंचसखलपणात दबून बसते, तर कडक प्लास्टिकसारखा तळ केवळ वरवर टेकतो.

या पहिल्या दोन गोष्टींचा इतिहास रंजक आहे. अमेरिकेत जॉन साइप यांनी रबराच्या पृष्ठभागाला बारीक चिरा देण्याच्या कल्पनेचे पेटंट १९२३ मध्ये घेतले. पुढे १९३५ मध्ये पॉल स्पेरी यांनी बोटीच्या ओल्या डेकवर चालण्यासाठी बारीक नागमोडी चिरांचा बूट तयार केला, आणि त्यांना ती कल्पना बर्फावर न घसरता पळणाऱ्या आपल्या कुत्र्याच्या पंजावरून सुचली असे सांगतात. याच सुमारास, १९३७ मध्ये, इटलीचे गिर्यारोहक विताले ब्रामानी यांनी डोंगरासाठी अगदी उलट उत्तर शोधले : जाड रबरात खोल, रुंद अंतरावरचे उभे ठोकळे. आल्प्समधील १९३५ च्या दुर्घटनेत सहकारी गमावल्यानंतर ते या कामाला लागले होते. आज बाजारात दिसणारा जवळजवळ प्रत्येक तळ या दोन घराण्यांपैकी एकात बसतो. लिफ्टसमोर घसरणाऱ्या आपल्या ग्राहकाने बहुधा ब्रामानींच्या घराण्यातला बूट घेतलेला असतो आणि त्याला गरज असते स्पेरींच्या घराण्यातल्या बुटाची. खोल ठोकळ्यांच्या बुटाचा लादीला टेकणारा भागच कमी असतो, आणि ते ठोकळे कडक रबराचे असतील तर ओल्या ग्रॅनाइटवर धरायला जवळजवळ काहीच उरत नाही.

घर्षणाचा थोडा हिशेब माहीत असला तर आणखी एक कोडे सुटते. सपाट जागेवर सरळ आणि सावकाश चालताना घर्षण गुणांक, म्हणजे तळ आणि जमीन यांतील पकडीचे माप, साधारण ०.२ असला तरी भागते. घाईने वळताना किंवा जड पिशवी ओढताना त्याहून जास्त लागतो, आणि उतारावर तर उताराच्या प्रमाणाइतकी भर पडते. म्हणजे दहास एक अशा उताराच्या बेसमेंट मार्गावर आणखी सुमारे ०.१. लादी पुसताना साबणाचे किंवा फिनाइलचे पाणी नीट धुतले गेले नसेल, तर एरवी पुरेसा असलेला बूटही या गरजेखाली येतो. दालनात ठीक आणि बेसमेंटच्या उतारावर घसरणारा बूट सदोष असेलच असे नाही. तेथे गाड्यांचे गळलेले तेल आणि उतार एकत्र येतात. अशा ठिकाणी सोसायटीने उतारावर आडव्या खाचा पाडून घेणे किंवा खरखरीत पट्ट्या लावून घेणे हा प्रत्येक रहिवाशाने नवा बूट घेण्यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. प्रवेशदाराशी पाणी शोषणारे लांब पायपुसणेही तेवढेच उपयोगी. ते दोन-तीन पावले चालता येईल एवढे लांब असावे. दाराशी टाकलेला हातभर तुकडा पहिल्या दहा माणसांतच निथळू लागतो.

चिखल, कातळ आणि घसारा

येऊरच्या जंगलातील पायवाटा, पारसिकची टेकडी, खारघरच्या डोंगरावरील चढ येथे प्रश्न वेगळा असतो. चिखलात तळ जमिनीला चिकटण्यापेक्षा तिच्यात रुतणे महत्त्वाचे असते, म्हणून खोल आणि परस्परांपासून दूर असलेले ठोकळे येथे योग्य ठरतात. ठोकळ्यांतील अंतर कमी असेल तर चिखल त्यांत भरून बसतो आणि काही पावलांतच तळ सपाट होतो. बूट आपटल्यावर चिखल सुटून पडतो की नाही, हीच त्याची खरी परीक्षा. टाचेच्या पुढच्या बाजूला ठळक पायरीसारखी कड असावी, उतरताना ब्रेक लावण्याचे काम तीच करते.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे, त्याच वाटांवर सुका मुरूम मोकळा होतो आणि ट्रेकर मंडळी ज्याला घसारा म्हणतात तो सुरू होतो. त्यावर कोणताही बूट पूर्ण धरत नाही, कारण सरकतात ते पायाखालचे खडे. तेथे पावलाच्या बाजूने घोट्याजवळ आधार देणारा बांधा, कडक मध्यतळ (पाऊल आणि खालचे रबर यांच्या मधला थर) आणि लहान पावले यांचा उपयोग नक्षीपेक्षा अधिक होतो. सुक्या कातळावर मात्र पुन्हा मऊ रबराचे राज्य आहे. त्यामुळेच सह्याद्रीत फिरणारे अनेक जुने जाणते लोक जाडजूड परदेशी बुटांऐवजी पातळ रबरी तळाचे साधे कॅनव्हास बूट पसंत करतात, आणि माझ्या मते आपल्या कातळासाठी त्यांची निवड बरोबरच आहे; पावसाळी चिखलासाठी नाही.

शेवाळाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ओल्या शेवाळाचा थर स्वतःच दगडावरून सुटतो, त्यामुळे रबराने शेवाळाला कितीही घट्ट धरले तरी दोघे मिळून घसरतात. सावलीतले पेव्हर ब्लॉक, टेरेसच्या पायऱ्या, बंद पडलेल्या कारंज्याचा कठडा येथे कडक ब्रशने घासणे आणि थर काढणे एवढाच उपाय आहे. ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडांवर पाय न देणे हा दुसरा. खारघरच्या पांडवकडा धबधब्यासारख्या ठिकाणी पावसाळ्यात प्रशासन बंदी घालते, आणि बूट चांगला आहे म्हणून ती मोडणाऱ्याला या मजकुरातून काही मदत होणार नाही.

तेल, मासळी आणि भाजीचा पाला

तुर्भ्यातील बाजार समितीचा भाजी बाजार, दिवाळे कोळीवाड्यातील मासळीची जागा, हॉटेलांची स्वयंपाकघरे, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील आणि वागळे इस्टेटमधील यंत्रशाळा येथे पाण्याऐवजी चिकट, स्निग्ध थर असतो. साधे नैसर्गिक रबर तेलाने फुगते आणि लवकर खराब होते. येथे नायट्राइल रबराचा किंवा तेलरोधक असे स्पष्ट लिहिलेला पॉलियुरेथेनचा तळ घ्यावा. डोक्यावर किंवा पाठीवर ओझे घेणाऱ्या माथाडी कामगारासाठी उघडी चप्पल अगदी अयोग्य आहे. कोबीच्या पानावर टाच पडली तर ओझ्यामुळे तोल सावरण्याची संधीच मिळत नाही.

या कामांसाठी सुरक्षा पादत्राणांची मानके उपयोगी पडतात, आणि सामान्य खरेदीदारानेही ती वाचायला शिकावे. भारतात सुरक्षा बुटांसाठी आय.एस. १५२९८ हे मानक आहे. आंतरराष्ट्रीय आय.एस.ओ. २०३४५ मानकाच्या २०११ च्या आवृत्तीत घसरण-रोधकतेच्या तीन खुणा होत्या : साबणमिश्रित पाण्याने ओल्या सिरॅमिक टाइलवर तपासलेल्या तळासाठी ‘एस.आर.ए.’, ग्लिसरीन लावलेल्या पोलादी पृष्ठावर तपासलेल्यासाठी ‘एस.आर.बी.’ आणि दोन्हींवर उतरलेल्यासाठी ‘एस.आर.सी.’. २०२१ च्या आवृत्तीत साबणपाण्याची चाचणी सर्वांनाच बंधनकारक झाली आणि ग्लिसरीन लावलेल्या टाइलवरही उतरणाऱ्या तळासाठी ‘एस.आर.’ ही एकच जादा खूण राहिली. दुकानात अजून दोन्ही प्रकारच्या खुणा दिसतात. त्यांच्यामागे ठरलेली चाचणी आहे. खोक्यावरील नुसत्या ‘अँटी-स्किड’ या शब्दामागे ती असेलच असे नाही. हॉटेलात किंवा रुग्णालयात दिवसभर ओल्या लादीवर उभे राहणाऱ्यांनी अशी खूण असलेले, पण बोटांवर पोलादी टोपी नसलेले हलके कामाचे बूट मागावेत. रोजच्या वापराच्या चांगल्या बुटापेक्षा ते फार महाग नसतात.

हाताशी असलेल्या पादत्राणाचे दोष

नवा बूट पहिल्या आठवड्यातच घसरत असेल तर तो लगेच परत करण्याची घाई करू नये. साच्यातून तळ सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा पातळ थर कधी कधी तळावर राहिलेला असतो आणि पृष्ठभागही साच्यासारखाच तुळतुळीत असतो. कोमट पाण्यात भांडी घासण्याचा साबण घालून तळ ब्रशने घासावा, स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावा आणि मध्यम खरखरीत पॉलिश पेपरने टाच व चवडा हलकेच घासून चकाकी घालवावी. रबर आणि टी.पी.आर. (रबरासारखे लवचिक प्लास्टिक) या तळांवर याचा फरक चटकन जाणवतो. कडक पी.व्ही.सी. तळावर तो जाणवला तरी थोडेच दिवस टिकतो.

जुने पादत्राण अचानक घसरू लागले असेल तर प्रथम टाचेची मागची, बाहेरची कड पाहावी, कारण बहुतेकांचे पाऊल तेथेच आधी टेकते. त्या भागातील नक्षी पूर्ण जाऊन दहा रुपयांच्या नाण्याएवढा सलग गुळगुळीत डाग पडला असेल, तर उरलेला तळ नवाकोरा असला तरी ते पादत्राण ओल्या लादीसाठी संपले असे मी समजतो. सुक्या दिवसांसाठी ते खुशाल वापरावे. हवाई चप्पल आणि फोमचे क्लॉग या बाबतीत विशेष फसवे असतात. फोम आधी दबतो आणि मग झिजतो, त्यामुळे नक्षीच्या रेषा डोळ्यांना दिसत राहतात, पण खोली उरलेली नसते. नखाने खोबणीची खोली चाचपून पाहिली की खरे काय ते कळते.

कोकणपट्टीच्या दमट हवेत आणखी एक दोष वारंवार आढळतो. पॉलियुरेथेनचा मध्यतळ ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, आणि बूट वापरात नसला तरी ही प्रक्रिया चालूच राहते. माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन-चार वर्षे ठेवलेला, दिसायला नवा असलेला ट्रेकिंगचा बूट पहिल्याच चढावर तळ सोडतो, तो बहुधा यामुळे. अशा बुटाचा मध्यतळ ट्रेकच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान आठवडाभर आधी अंगठ्याने दाबून पाहावा. भुसभुशीत लागला किंवा भेगा दिसल्या तर तो बूट चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण डिंक ज्याला धरणार तो थरच पिठासारखा झालेला असतो. साठवण हवेशीर जागी, पिशवी न बांधता करावी. ओले बूट फ्रिजच्या मागे, गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरने वाळवल्यास रबर कडक होते आणि जोड सुटतात. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून, ते भिजले की बदलत, पंख्याखाली वाळवणे हीच रीत बरी.

दुकानात काय पाहावे

ठाण्याच्या गोखले रोडवर किंवा वाशीच्या एखाद्या मॉलमध्ये दुकानदार तळाच्या रबराचा कडकपणा सांगू शकणार नाही. त्याला तो माहीतही नसतो. आपणच टाचेखालच्या भागावर नख रोवून पाहावे. नख किंचित रुतून खूण लगेच भरून आली तर रबर लादीसाठी योग्य आहे. नख रुतलेच नाही आणि तळ टकटक वाजला तर तो कडक पी.व्ही.सी. असण्याची शक्यता मोठी. नख रुतून खूण तशीच राहिली तर तो हलका फोम आहे आणि लवकर दबेल. मऊ रबर लवकर झिजते, हे येथे मान्य करावे लागते. एकच जोड तीन पावसाळे चालावा ही अपेक्षा आणि ओल्या ग्रॅनाइटवर घट्ट पकड ही अपेक्षा एकाच तळाकडून सहसा पूर्ण होत नाहीत.

पुष्कळ दुकानांत गुळगुळीत टाइल असतेच. शक्य असल्यास थोडे पाणी शिंपडण्याची परवानगी घ्यावी, एका हाताने काउंटर धरावा आणि टाचेवर भार देऊन पाय सावकाश पुढे ढकलून पाहावा. जुना आणि नवा असे दोन्ही जोड एकाच जागी तपासले तर फरक कळतो. नुसता नवा तपासून काहीच निष्कर्ष निघत नाही. परवानगी न मिळाल्यास परत घेण्याची अट आधी विचारून घ्यावी आणि पहिली चाचणी घरच्या बाथरूमबाहेरच्या लादीवर करावी, म्हणजे तळ मळणार नाही.

घरातील ज्येष्ठांसाठी खरेदी करताना नक्षीइतकेच वजन बांध्याला द्यावे : मागून बंद टाच, वेल्क्रोचा पट्टा, रुंद आणि बुटकी टाच, आणि पाऊल जमीन ओळखू शकेल असा फार जाड नसलेला तळ. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीला पाय सरकू लागल्याचे उशिरा कळते, म्हणून तिच्यासाठी सैल चप्पल घराबाहेर तर नकोच, घरातही नको. उलट टोकाचीही एक चूक होते. पकड फार जास्त असलेला बूट घातला की पाय किंचित फरफटत चालणाऱ्या वृद्धांचा चवडा कोरड्या लादीवर अडखळतो आणि माणूस पुढे पडतो. अशांसाठी मध्यम पकडीचा, टोकाशी थोडा वर उचललेला तळ निवडावा, आणि तो घालून त्यांना दुकानातच दोन-चार फेऱ्या मारायला लावून मगच पैसे द्यावेत.

ज्यांना रोज लोकल पकडून कार्यालयात जावे लागते आणि तेथे चामड्याचे बूट घालणे भाग असते, त्यांनी त्या बुटांच्या गुळगुळीत तळावर दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडून दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा रबरी अर्धा तळ आणि रबरी टाच बसवून घ्यावी. हे काम पावसाच्या आधी, तळ पूर्ण कोरडा असताना करून घ्यावे. ओलसर चामड्यावर लावलेला डिंक जुलैच्या पहिल्या जोरदार सरीतच सुटतो.